आलं का?

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीत दोन गोष्टी न चुकता होतात. एक, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून भांडण. दुसरी, गच्चीवरच्या भंगाराची मोजदाद. यंदाच्या मोजदादीत तीन फुटक्या कुंड्या, कुणाच्या तरी कूलरचा सांगाडा आणि पाण्याच्या टाकीला तारेनं आवळलेला बारा-चौदा फुटी लोखंडी पाइप निघाला. पाइपच्या टोकाला ॲल्युमिनिअमच्या आडव्या नळ्या. दोन वाकलेल्या, एक गायब.

"हे कुणाचंय?" सेक्रेटरींनी विचारलं. कुणी हात वर केला नाही. इमारत १९९१ची, मूळ मालकांपैकी आम्ही तिघंच उरलोय. तिसऱ्या मजल्यावरची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी म्हणाली, "काका, हे वीज पडू नये म्हणून लावतात ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की अँटेना म्हणजे काय हे हिला पहिल्यापासून सांगावं लागणार. सेक्रेटरींना तर जेवायला जायचं होतं. मी गप्प बसलो. पाइप भंगारात द्यायचा ठरला.

जुन्या नाशकात, तिवंध्याजवळच्या वाड्यात आम्ही राहायचो तेव्हा घरात टीव्ही आला, तो १९८६ साली. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. शटरची किल्ली आजीच्या कमरेला असे. टीव्ही दुकानातून आला तसा दिवाणखान्यात ठेवला, पण खरं काम वर होतं, पत्र्यावर. अँटेना बसवायची म्हणजे नुसती उभी करून भागत नसे. ती फिरवायची, फिरवत राहायची आणि खालून कुणीतरी ओरडून सांगायचं. वाड्याच्या भिंती मातीच्या, दोन-दोन फूट जाड. पत्र्यावरच्या काकांचा आवाज माजघरापर्यंत पोचेना. म्हणून जिन्याच्या खिडकीत काकू उभी. टीव्हीसमोर मी.

"आलं का?" वरून काका.

"आलं का रे?" खिडकीतून काकू.

"मुंग्या आहेत."

"मुंग्याच म्हणतोय!"

"कुठं घेऊ?"

"जरा गंगेकडे घ्या!"

(नाशिककराला गोदावरी म्हणायचं असतं तेव्हा तो गंगा म्हणतो. आणि पूर्व-पश्चिम कळत नसली तरी गंगा कुणीकडे, हे त्याला झोपेतही कळतं.)

"आता?"

"आवाज आलाय, चित्र गेलं!"

"परत रविवार कारंज्याकडे घ्या. थांबा! थांबा! तिथंच धरा!"

मग काका पाइपभोवती तार आवळत आणि तार आवळताना अँटेना बोटभर हलतेच हलते. पुन्हा मुंग्या, म्हणजे पडदाभर वळवळणारे ठिपके. "आलं का?" या प्रश्नाला त्या वेळी हो किंवा नाही असं उत्तर नसायचं. चेहरा आलाय, पण शेजारी त्याचं भूत आहे. माणूस आलाय, पण तिरका. वरचा अर्धा खाली आणि खालचा वर. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मानेवरून ढग जातायत. मी आठ-नऊ वर्षांचा होतो. जे दिसतंय ते नेमक्या शब्दांत सांगायची सवय मला शाळेनं लावली नाही, त्या पत्र्यानं लावली.

टीव्हीच्या लहरी आपल्या नजरेसारख्या सरळ जातात, डोंगर आला की अडतात, हे पुढं कॉलेजात कळलं. मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, वरळीला तीनशे मीटर उंच मनोरा उभा राहिला. पण आमच्या आणि वरळीच्या मध्ये अख्खा सह्याद्री. काका सांगत, की आधीच्या काळात पलीकडच्या गल्लीतल्या एका हौशी माणसानं तीस फुटी पाइप, वर लहरींचा जोर वाढवणारा बूस्टर असा सरंजाम करून मुंबई पकडायचा घाट घातला होता. एखाद्या रात्री हवा जमून आली की मुंबई यायचीही, आणि मग तो दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगत हिंडायचा. न आलेल्या रात्रींबद्दल तो बोलत नसे. १९८३मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला आणि चित्र बदललं. उपग्रहावरून कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि आपापल्या गावात फेकायचा, असे छोटे ट्रान्समीटर देशभर उभे राहू लागले. १९८४मध्ये काही महिने तर साधारण रोज एक या वेगानं.

पत्र्यावरच्या त्या काड्यांच्या रचनेला यागी-उडा अँटेना म्हणतात. १९२०च्या दशकात ती शोधणाऱ्या दोन जपानी संशोधकांची ही आडनावं. त्यात 'उडा' आहे हे काकूला माहीत नव्हतं ते बरं. ती तशीही दर वेळी खिडकीतून "पडाल हो, पडाल" म्हणत असे.

संक्रांतीला पतंग अडकायचे. मांजा काड्यांना असा काही गुंडाळला जाई, की फेब्रुवारीपर्यंत हिरव्या-जांभळ्या कागदाच्या चिंध्या फडफडत राहत. कावळे बसत. पण सगळ्यात मोठा शत्रू वारा.

२५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी आमच्या दिवाणखान्याच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग लागू लागला. वाड्यातली सात बिऱ्हाडं, समोरच्या दुकानातला पोऱ्या, दूध घालायला आलेले गवळी. आजी सोवळं सोडून पुढच्या रांगेत. राम पंचवटीला आले तेव्हा मात्र तिचं बिनसलं. आमची पंचवटी म्हणजे पुलापलीकडे, रोजची भाजी घ्यायची जागा. टीव्हीत जे दाखवलं त्यात सीता गुंफा नाही, पाच वड नाहीत, कपालेश्वराच्या पायऱ्या नाहीत. "ही कुठली पंचवटी?" आजी म्हणाली. "गंगा दाखवा म्हणावं." त्या मालिकेचं चित्रीकरण गुजरातेत उंबरगावला चालायचं. हे कुणीतरी तिला सांगितलं, तेव्हा तिनं ते दूरदर्शनच्या खात्यावर कायमचं मांडून ठेवलं.

मग शूर्पणखा आली. नाशकात या प्रसंगाचं काय मोल असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. नाक कापलं ते इथं, म्हणून गावाचं नाव नासिक, असं पोरांना दात येण्याआधी सांगतात. दिवाणखाना चिडीचूप. लक्ष्मणानं शस्त्र उपसलं आणि वर पत्रा खडाडला. वाऱ्याचा एक झोत. मुंग्या.

काका कसे उठले, कसे वर पोचले, मला आठवत नाही. "आलं का?" "नाही!" "आता?" "आवाज आलाय! ती रडतेय!" काकू खिडकीत संजय झाली. आतून मी सांगणार, ती वर पोचवणार. काकांनी दोन्ही हातांनी पाइप धरला, एका विशिष्ट कोनात, आणि चित्र आलं. सोडला की जाई. "धरून ठेवा!" सगळा दिवाणखाना एकमुखानं ओरडला. काका भाग संपेपर्यंत उन्हात पाइप धरून उभे राहिले. चित्र आलं तेव्हा नाक कापून झालं होतं आणि शूर्पणखा भावाकडे तक्रार घेऊन निघाली होती. म्हणजे नाशकातल्या आमच्या वाड्यानं नेमकं तेवढंच पाहिलं नाही. काकांनी तर पुढचंही नाही.

मुंग्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. रिकाम्या चॅनेलवरच्या त्या खरखरीत अगदी थोडा भाग विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या आदिम प्रकाशाचा असे. सगळा नव्हे, बराचसा इकडचा-तिकडचा कचराच. पण थोडा असे. आम्ही टीव्हीला चापट्या मारमारून तो घालवत होतो.

२०२०च्या मार्चमध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, दूरदर्शननं ती मालिका पुन्हा दाखवली. काका तेव्हा ऐंशीच्या पुढे. वाडा केव्हाच पडला होता आणि ते चुलतभावाकडे गंगापूर रोडला राहत होते. शूर्पणखेचा भाग होता त्या दिवशी मी मुद्दाम फोन करून ठेवला होता. भाग संपल्यावर त्यांचाच फोन आला. "पाहिलं," म्हणाले. "एवढंच होतं होय?" आणि थोडं थांबून, "चित्र मात्र स्वच्छ होतं हो."

हे सगळं फुकट होतं असं आपण आता म्हणतो, पण ते तितकंसं खरं नाही. १९८५पर्यंत टीव्हीला लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. आम्ही टीव्हीच उशिरा घेतला, तेवढे वाचले. घराचा खर्च बघणारे अण्णा हा आपला दूरदर्शीपणा म्हणून सांगत. पुढं केबल आली, घराघरात वायरी लोंबल्या, महिन्याच्या महिन्याला पोऱ्या पावतीपुस्तक घेऊन दारात उभा राहू लागला. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये म्हटलं. तो खटलाही क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच निघालेला. अण्णांनी ती बातमी पेपरात वाचली, आणि त्याच आठवड्यात केबलवाल्याला पहिल्यांदा पैसे दिले.

२०२२च्या आसपास ते जुने ट्रान्समीटर, मोक्याच्या थोड्या जागा वगळता, देशभर मोडीत निघाले. आमच्या गच्चीवरचा पाइप त्याआधी कितीतरी वर्षं नुसताच उभा होता. गंगेकडे तोंड करून.

फुकटातलं टीव्ही मात्र गेलेलं नाही. ते खाली आमच्या वॉचमनमामांच्या केबिनवर आहे. मामा सुरगाण्याकडचे. त्यांच्या पाड्यावर केबल कधी पोचलीच नाही, डोंगरातून कोण वायर नेणार? तिथं छत्रीच चालते. छत्री म्हणजे दूरदर्शनची डीडी फ्री डिश, २००४च्या डिसेंबरात सुरू झालेली. एकदा छत्री आणि बॉक्स घ्यायचा, पुढं महिन्याचं काही नाही. आजीच्या भाषेत, फुकट ते पौष्टिक. खासगी चॅनेलंच तिथं जागा मिळावी म्हणून कोट्यवधींच्या बोली लावतात. बघणाऱ्यानं नाही, दिसणाऱ्यानं पैसे द्यायचे! मामांनी येताना गावाकडून छत्री आणली. टीव्ही दुसऱ्या मजल्यावरच्यांनी टाकून दिलेला, जुन्या पद्धतीचा, मागून फुगीर.

मागे एका सामन्याच्या दिवशी आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या लक्षात आलं, की आपण घेतलेल्या पॅकमध्ये ते खेळाचं चॅनेलच नाही. "दूरदर्शनवर असतो की," कुणी म्हणालं. लावलं, तर तिथं भलताच कार्यक्रम. यात कायदा आहे. महत्त्वाचे सामने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायलाच हवेत असं २००७चा कायदा सांगतो. पण ते दूरदर्शननं स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या फ्री डिशवरच दाखवावेत, केबलवाल्यांच्या तारेतून नव्हे, असा निकाल २०१७मध्ये लागला. म्हणजे महिन्याला चारशे रुपये मोजणारे आम्ही कोरडे आणि मामांकडे सामना चालू. शेवटच्या पाच षटकांना केबिनबाहेर आम्ही अकरा जण होतो, त्यात सेक्रेटरीही. मामांना आपल्याच खुर्चीवर बसायला मिळालं नाही. बाहेर चपला काढायच्या की नाही, यावरून काही जण क्षणभर घुटमळले.

तर पाइप भंगारात द्यायचा ठरला होता आणि भंगारवाला रविवारी येणार होता. शनिवारी मामा माझ्याकडे आले. आमच्या कुंपणाला लागून अकरा मजल्यांची इमारत उठतेय. सातवा स्लॅब भरला आणि केबिनवरची छत्री आंधळी झाली. छत्र्या आपल्याकडे आग्नेयेला बघतात. मामांचा उपग्रह विषुववृत्तावर छत्तीस हजार किलोमीटर उंच, ९३.५ अंश पूर्वेला आहे, आणि आता त्याच्या नि केबिनच्या मध्ये कुणाचा तरी टू बीएचके आला. आग्नेय म्हणजे अग्नीची दिशा, चुलीची. बिल्डरनंही स्वयंपाकघरं तिकडेच काढली असणार.

"गच्चीवर लावली तर येईल," मामा म्हणाले. "तो पाइप चांगला दणकट हाये, दादा. सेक्रेटरीसायबांना तुम्ही बोला."

मी बोललो. अकरा जणांतले एक असल्यामुळं सेक्रेटरींनी फार ताणलं नाही. वॉटरप्रूफिंगला हात लावू नये एवढीच अट. मामांनी काड्या सोडवल्या, त्या मी ठेवून घेतल्या. का ते विचारू नका. पाइप अर्ध्यात कापला, छत्री त्याच्यावर चढली, वायर डक्टमधून खाली केबिनमध्ये गेली. मामा वर, मी खाली त्यांच्या टीव्हीसमोर. पडद्यावर दोन पट्ट्या असतात, एकीवर स्ट्रेंथ, दुसरीवर क्वालिटी. पहिली भरलेली, दुसरी शून्य. मुंग्या नाहीत, भूत नाही, तिरका माणूस नाही. नुसता काळा पडदा. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

मोबाइल होता, पण मामांनी फोन केला नाही. गच्चीच्या कठड्यावरून वाकून हाक मारली.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

पट्टी एकदम पासष्टवर गेली आणि चित्र आलं, सबंधच्या सबंध, एका झटक्यात. शेंदरी कोटातला एक माणूस तळहातावर तांब्याचा पत्रा धरून काहीतरी कळकळीनं सांगत होता.

"आलं!" मी ओरडलो.

"काय आलं?"

"कसलंसं यंत्र विकतायत! दोन घेतली तर एक फुकट!"

"मग बरोबर आलं," मामा वरून म्हणाले, आणि नट आवळायला लागले.