मिठातला निळा कण

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तुर्भ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत एक काका आणि त्यांचा पुतण्या मीठ घेऊन आले. काका पेणकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेलं घर. पुतण्या बी. कॉम. झालेला. नोकरीत मन रमेना म्हणून त्यानं घरचं मीठ पाव-पाव किलोच्या पाकिटांत भरून फोनवरून विकायला सुरुवात केली होती. पाकिटावर ‘प्लॅस्टिकमुक्त’ छापायचं होतं आणि त्यासाठी आमचा कागद हवा होता. पाकीट अर्थातच प्लॅस्टिकचं होतं. त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही.

“कागद देऊ,” मी म्हटलं, “पण ‘मुक्त’ हा शब्द मिळणार नाही. अमुक आकाराच्या वरचे इतके कण सापडले, किंवा सापडले नाहीत, एवढंच लिहिता येतं.”

पुतण्यानं फोन पुढे केला. टॉक्सिक्स लिंक या संस्थेच्या २०२४ च्या अहवालाची बातमी होती. बाजारातलं दहा प्रकारचं मीठ तपासलं, दहाही प्रकारांत प्लॅस्टिक निघालं. सगळ्यात जास्त आयोडीनयुक्त मिठात, किलोला ८९.१५ कण. सगळ्यात कमी सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या सैंधवात, ६.७०. “बघा मॅडम, आयोडीन घातलं की प्लॅस्टिक वाढतं. आमच्यात आयोडीन नाहीच.”

ही गल्लत मी त्या वर्षात निदान दहा वेळा ऐकली असेल. मिठात आयोडीन येतं ते पोटॅशियम आयोडेट या क्षारातून, तो पाण्यात विरघळवून मिठावर फवारतात. त्याच्यात प्लॅस्टिक कुठून येणार? आयोडीनयुक्त मीठ समुद्राचं असेल, जास्त यंत्रांतून आणि पट्ट्यांवरून फिरलेलं असेल, त्याचा हिशोब वेगळा. पण समोर बसलेला माणूस आपलं मीठ विकायला निघालाय, त्याला हे ऐकायचं नसतं. मी नमुन्यांवर नंबर घातले आणि पावती दिली.

काका मात्र उठेनात. “बाय, खाडीचा पानी कसा हाय तुला म्हाईत हाय. भरतीला उघाडीतून काय काय आत येतं, आमी रोज बघतो. पिशव्या, चपला, थर्माकोल. मोठं काढतो हातानं. बारीक कसं काढायचं?” उघाडी म्हणजे बांधातून पाणी आत घ्यायचं दार.

त्या दिवसापुरतं तरी दोघांपैकी काकांनाच नीट प्रश्न पडला होता.

आमची पद्धत साधी आहे, फक्त चिकाटी लागते. शंभर ग्रॅम मीठ गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं, हायड्रोजन पेरॉक्साइड घालून रात्रभर कोमट ठेवायचं, म्हणजे शेवाळ, काड्या, किड्यांचे पाय असलं सगळं जिरतं. मग पंपावर फिल्टर पेपरमधून गाळायचं आणि तो गोल कागद झाकलेल्या काचेच्या डिशमध्ये मायक्रोस्कोपखाली ठेवून चौकटीमागून चौकट मोजत बसायचं. सोबत एक ब्लँक चालवायचा. सगळं तसंच, फक्त मीठ नाही.

गुरुवारी सकाळी मी आधी ब्लँक लावला. त्यात अकरा धागे. जांभळे, लांब, वळलेले. मीठच नसलेल्या पाण्यात अकरा! हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि खाली मान घातली तर ॲप्रनच्या गळ्यातून माझी जांभळी ओढणी डोकावत होती. पॉलिस्टरची, लग्नाच्या आहेरात आलेली. सुती कपडे घालून या, पंखा बंद ठेवा, भांडी फॉइलनं झाका, हे नव्या मुलींना मीच बजावत असते. शेजारच्या टेबलावरची पोरगी तोंड वळवून हसली. तिला हसायचा हक्कच होता.

सगळं फेकून पुन्हा सुरुवात. ओढणी लॉकरमध्ये, टेबल ओल्या सुती फडक्यानं पुसलेलं, दार बंद. त्या दिवसाच्या घामाचं वर्णन नको.

शुक्रवारी दुपारी दुसरे कागद हातात आले. ब्लँकमध्ये चार धागे. मिठाच्या तीन कागदांवर पाच, तीन आणि सहा. म्हणजे धाग्यांच्या बाबतीत मीठ आणि खोलीतली हवा यांत फरक असा काही नव्हता. माझ्या ओढणीचं उघडकीला आलं नसतं तर त्यातले निम्मे तरी मी बिचाऱ्या खाडीच्या नावावर लिहिले असते.

पण त्याच तीन कागदांवर दुसरं काहीतरी होतं. निळे तुकडे. पहिल्यावर चौदा, दुसऱ्यावर नऊ, तिसऱ्यावर सतरा. ब्लँकमध्ये एकही नाही. अर्धा-पाऊण मिलिमीटरचे, पापडाचा कोपरा मोडावा तसे कडेला वेडेवाकडे. एक बाजू चकचकीत, दुसरी खरखरीत. त्यातल्या एका मोठ्या तुकड्यावर आडव्या-उभ्या रेघा दिसल्या, चटईच्या विणीसारख्या. सुई बर्नरवर लाल करून टोक जवळ नेलं. चिखलाचा कण असता तर तसाच पडून राहिला असता, सुताचा असता तर काळा पडला असता. हा तुकडा सुई टेकायच्या आधीच आक्रसला, कडा वितळली आणि टोकाला चिकटून तार ओढत वर आला.

खाडीतून आलेलं प्लॅस्टिक असं एका रंगाचं, एका जाडीचं नसतं. तिथं सगळ्या गावाची सरमिसळ असते. हे कुठल्यातरी एकाच वस्तूचं होतं. पाकीट तर पारदर्शक. मी काकांना फोन लावला.

“काका, तुमच्याकडे निळं काय आहे?”

“निळं?”

“मिठावर. मिठाच्या जवळ.”

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग, “ताडपत्री.”

सोमवारी ते एकटेच आले. खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली, त्यात ताडपत्रीचा तळहाताएवढा तुकडा. सहा पावसाळे-उन्हाळे बाहेर काढलेला. बोटानं चोळला तर निळी भुकटी हाताला लागत होती. उन्हानं प्लॅस्टिक असं ठिसूळ होतं, वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. चिमूटभर भुकटी काचेवर घेऊन लेन्सखाली ठेवली आणि काकांना स्टुलावर बसवलं. ते एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. मग मी शेजारी मिठातला तुकडा सरकवला. तीच वीण, तोच निळा.

“आधी भाताचा पेंढा घालायचो राशीवर,” ते म्हणाले. “पोरगा बोलला, पेंढ्याचा कचरा पडतो मिठात. गिऱ्हाइकाला काडी दिसते.”

काडी दिसत होती म्हणून ती गेली, आणि न दिसणारं आलं.

पुतण्याला हिशोब फोनवर सांगितला. तीनशे ग्रॅममध्ये चाळीस तुकडे, म्हणजे किलोला साधारण १३३. “म्हणजे त्या अहवालापेक्षा जास्त?” त्याचा आवाज बसला. तसं म्हणता येत नाही, हे त्याला समजवायला वेळ लागला. प्रत्येक प्रयोगशाळेची चाळणी वेगळी, मोजायचा किमान आकार वेगळा. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आठ ब्रँडच्या मिठातून ६२६ कण मोजले होते, त्यात जवळपास ६३ टक्के तुकडे आणि उरलेले धागे. त्याच कामात त्यांनी हेही दाखवलं होतं की साध्या वाळूतून खारं पाणी गाळलं तर वजनानं ८५ टक्क्यांहून जास्त प्लॅस्टिक अडतं. ते वाक्य मी काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खूश दिसले. वाळू त्यांना कळत होती. उघाडीपासून तापवणीच्या, म्हणजे पाणी उन्हात आटवायच्या, खाचरापर्यंतचं पाणी वाळूच्या चरातून न्यायचं, एवढं तर ते उद्यापासून करणार होते.

एक गोष्ट मात्र त्यांनी विचारली नव्हती. मीठ आलंच आहे तर मी आयोडीनही बघितलं होतं. मिठाचं पाणी, त्यात आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड, दहा मिनिटं अंधारात. आयोडीन असलं तर पाणी पिवळसर होतं, स्टार्च टाकला की गडद निळं. काकांचं पाणी पाण्यासारखंच राहिलं. स्टार्च टाकूनही काही नाही. त्या आठवड्यात मला मिठात एक निळा नको होता तो मिळाला, आणि जो हवा होता तो आला नाही.

खाण्यासाठी थेट विकायचं मीठ आयोडीनयुक्तच हवं, २००६ पासून देशभर तो नियम आहे. गिऱ्हाइकाच्या हातात पडताना किमान १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग मिठात १५ भाग आयोडीन. प्लॅस्टिकचे कण शरीरात नेमकं काय करतात यावर अजून काम चालू आहे, पण आयोडीन कमी पडलं तर गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूला काय होतं, हे कधीचं ठाऊक आहे. प्लॅस्टिकच्या धास्तीनं घरात फक्त सैंधव वापरणाऱ्या मैत्रिणींशीही माझं यावरून भांडण होतं. पाकीट उलटवा, आयोडीनयुक्त लिहिलंय का बघा, एवढंच माझं म्हणणं. पुतण्या चिडला. काका म्हणाले, “कायदा हाय तर घालू. चव बदलते का?” नाही बदलत.

एप्रिलच्या शेवटी नव्या हंगामाचं मीठ आलं, काचेच्या बरणीत, वर सुती फडकं बांधून. तीन कागद, निळा तुकडा शून्य. धागे पाच, दोन, चार. ब्लँकमध्ये तीन. एका कागदावर पेंढ्याची काडी होती, पेरॉक्साइडनंही पूर्ण न जिरलेली. काका हसले आणि बोटानं ती दाखवत राहिले.

आयोडीन मात्र जमलं नव्हतं. घरच्या पिंपात हातानं ढवळलेलं, त्यामुळे बरणीच्या वरच्या थरात २८ पीपीएम आणि तळाशी ७. फवारताना थर पातळ पसरा, मग कालवा, असं सांगून पाठवलंय. पुढचा नमुना सोमवारी यायचा आहे. त्या दिवशी सुती ओढणी घालायची, हे मी आठवणीसाठी लॉकरच्या दारावर लिहून ठेवलंय.