रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज

नागपुरात कळमना बाजाराजवळच्या पंपावर नोझल टक करून थांबलं. 11.4 लिटर. काल टाकी फुल केल्यापासून गाडी चालली 124 किलोमीटर. मोबाईलवर दोनदा भागाकार करून पाहिला. लिटरला अकरा किलोमीटरच्या आतच.

पिकअप विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, "भाऊ, पंधरा देते म्हणजे देते." गाडी तशी चांगलीच आहे. इंजिनाचा आवाज एकसारखा, काळा धूर नाही, चेसिसला गंज नाही. त्यातच मी खूश होतो.

संध्याकाळी मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी आधी टायरला गेज लावला. मागच्या दोन्हींत हवा कमी. मग हात पुसत म्हणाले, "तो खोटं नाही बोलला रे. त्यानं रिकाम्या गाडीचं सांगितलं. तू काटोलहून संत्री भरून आणली."

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. ट्रायल मी आउटर रिंग रोडवर घेतली, डाला रिकामा, पन्नासच्या स्पीडनं. आणि रोजचा धंदा? टनभर माल, त्यात बाजाराच्या गेटपाशी अर्धा तास इंजिन चालूच.

माल भरून ट्रायल द्या, असं विकणाऱ्याला कोणी म्हणतं का हो? आणि म्हटलं तर तो देतो का?