फाटकावरची मधुमालती

मंगळवार, रात्री 11

आज घेतलं एकदाचं. गुची ब्लूम परफ्यूम, 30 एमएलची, दुकानातली सगळ्यात छोटी बाटली. भावाच्या एज्युकेशन लोनचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात गेला आणि तेव्हाच ठरवलं होतं की आता पगार झाला की एक वस्तू फक्त माझ्यासाठी घ्यायची, घरात लागते म्हणून नाही, कुणाच्या लग्नात द्यायची म्हणून नाही. आजवर माझ्याकडे जे परफ्यूम आले ते सगळे कुणीतरी दिलेले, आणि तेही मी कार्यासाठी म्हणून राखून ठेवले, त्यातले दोन तर राखून राखूनच उडून गेले.

खरं तर पंधरा दिवसांपूर्वीच बघून आले होते. काउंटरवरच्या मुलीने मनगटावर स्प्रे केलं, मी सवयीने दोन्ही मनगटं घासायला गेले तर म्हणाली मॅम घासू नका, तसंच सुकू द्या. यात काय काय आहे विचारलं तर म्हणाली जास्मिन, ट्यूबरोज आणि रंगून क्रीपर. पहिली दोन कळली, ट्यूबरोज म्हणजे आपला निशिगंध, पण हे रंगून क्रीपर काय म्हणून तिथेच मोबाइलवर बघितलं आणि फोटो आला तो मधुमालतीचा! मी बघतच राहिले.

सांगलीला आजीच्या फाटकावर हीच होती ना. संध्याकाळी उमलताना पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग लोंबायचे. देठासारखी नळी चांगली बोटाएवढी लांब, दोरा न घेता नुसतं एकमेकांत गुंफत वेणी व्हायची, मे महिन्याच्या सुट्टीत आमचा तोच उद्योग. दिवसा वास जेमतेम आणि दिवेलागणीनंतर ओसरीपर्यंत यायचा. रात्री उडणारे लांब सोंडेचे पतंग त्या फुलांवर येतात, त्यांच्यासाठी असतो तो वास, हे मला फार उशिरा कळलं. आणि 2017 साली बाजारात आलेल्या एवढ्या मोठ्या ब्रँडच्या परफ्यूममध्ये आमच्या फाटकावरचं फूल, मला खरंच भरून आलं.

तरी त्या दिवशी घेतलं नाही, किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी. नुसतं मनगट घेऊन घरी आले. बसमध्ये आधी हिरवा, कोवळा देठ मोडल्यावर येतो तसला वास, मग निशिगंध जोरात, आणि रात्री भाकऱ्या उरकल्यावर मनगट नाकाशी नेलं तर काहीतरी मऊ, उन्हात वाळलेल्या सुती साडीसारखं. तेच मला सगळ्यात जास्त आवडलं. परफ्यूम असाच घ्यावा, कागदाच्या पट्टीवर हुंगून नाही, चार तास अंगावर वागवून.

आज घरी आल्यावर आईच्या पुढे मनगट धरलं. म्हणाली, अगं, लग्नातल्या हारांचा वास येतोय. बरोबर आहे तिचं, निशिगंध वरचढच आहे, मधुमालती शोधावी लागते. मला राहवेना, जेवणं झाल्यावर खाली गेले, शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडवर वेल आहे तिथे. एकदा घोसाला नाक लावलं, एकदा मनगटाला, परत घोसाला. वेलीचा वास जास्त गोड, फळाकडे झुकणारा, परफ्यूममध्ये तो गोडवा कमी आणि हिरवेपणा जास्त. अगदी तेच आहे असं नाही म्हणणार मी. पण मधेच एक क्षण असा येतो की फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटते, आणि तेवढ्यासाठी मला पैसे गेल्याचं काही वाटत नाहीये.

बाटली फिकट गुलाबी आहे, चिनीमातीच्या भांड्यासारखी दिसते. ड्रेसिंग टेबलवर ऊन येतं, त्याने वास बिघडतो म्हणून कपाटात आतल्या बाजूला साड्यांजवळ ठेवलीय.

उद्या ऑफिसला लावून जाणार. उद्या साधा बुधवार आहे, महिनाअखेरचे रिपोर्ट आहेत आणि डब्याला भेंडी.