तुम्ही विचारलंत म्हणून: सही का केली?

"करार न वाचताच सही केलीस का?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता समोरच्याने नुसता घसा साफ केला तरी कळतं. आधी "फोटो तुझा ना, मग तुझ्याच प्रदर्शनात का नाही लावता येत?" आणि मग हे. मी एका वर्तमानपत्रासाठी कामागणिक फोटो काढते, त्यांच्या कराराबद्दल हे चाललंय. म्हणून एकदाच लिहून टाकते. वाचला होता. दोनदा. दुसऱ्यांदा तर प्रिंट काढून, हातात पेन्सिल घेऊन.

फोटोंचे सगळे हक्क कायमचे वर्तमानपत्राचे, हे पाचवं कलम. फोटो पुढे कोणालाही विकायची मुभा, हे सहावं. त्या विक्रीतला माझा वाटा किती, याचा उल्लेखच नव्हता, म्हणजे शून्य. आणि अकरावं: फोटोतल्या माणसांच्या लागतील त्या सगळ्या परवानग्या घेतल्याची हमी माझी, कोणी दावा लावला तर सगळा खर्चही माझा.

तुमची समजूत अशी की आधी करार, मग काम. आमच्यात उलटं असतं. डेस्कवरून पहाटे फोन, नऊ वाजता मी गुडघाभर पाण्यात, दुपारपर्यंत फोटो पाठवलेले, दुसऱ्या दिवशी छापलेले. करार उगवला सात आठवड्यांनी, बिल का निघत नाही म्हणून विचारायला गेले तेव्हा. 'मान्य आहे' या चौकोनात टिक केल्याशिवाय पोर्टल बिलच घेत नव्हतं. स्क्रीनवर पेन्सिल काय कामाची? तीन बिलं अडकलेली, लेन्सचा हप्ता थकलेला. केली टिक.

आता तो फोटो. पूर ओसरत होता. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसले होते, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ, आणि सदऱ्याच्या टोकाने त्याची काच पुसत होते. मी विचारलं, काढू का? म्हणाले, "काढा, पण घड्याळ नीट येऊ द्या." चिखलाचा पट्टा काचेवर बरोबर सहाच्या आकड्यापर्यंत आला होता. फोटो पहिल्या पानावर आला, खाली माझं नाव.

अडीच वर्षांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. त्याने ते कात्रण जपून ठेवलं होतं, त्यावरून मला शोधलं. कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीत त्याचे वडील होते. वर मोठ्या अक्षरांत, कर्जाने खचलात? घड्याळ कापून टाकलं होतं. "बाबांनी आयुष्यात कोणाचे पैसे बुडवले नाहीत हो," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बातमीत छापायला रस्त्यावरच्या माणसाची लेखी परवानगी सहसा लागत नाही. जाहिरातीला लागते, त्याला मॉडेल रिलीज म्हणतात. पुरात कोण मॉडेल रिलीज भरून घेत बसतं? पण त्या मुलाच्या वकिलाची नोटीस निघाली ती कंपनीकडे, कंपनीने ती फोटो विकणाऱ्या एजन्सीकडे ढकलली, एजन्सीने ज्यांनी मला पाठवलं होतं त्यांच्याकडे, आणि त्यांनी अकराव्या कलमाखाली ठळक रेघ मारून माझ्याकडे. घरंगळत आली आणि माझ्या पायाशी थांबली. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, जाहिरात मागे घेतली गेली. माझ्या वकिलाची फी मात्र अकरा असाइनमेंटच्या मानधनाएवढी झाली. (अकरावं कलम, अकरा असाइनमेंट. हसून घ्या.)

हे सगळं मी याआधीही सांगितलंय. एक गोष्ट सांगितली नव्हती. जाहिरातवाल्यांना तो फोटो सापडला कसा? कीवर्डवरून, म्हणजे फोटो शोधता यावा म्हणून त्याला जोडलेल्या शब्दांवरून. फोटो पाठवताना ते मीच भरते. त्या दिवशी घाईत लिहिलं होतं: पूर, वृद्ध, एकटा, हताश. एकटे नव्हते ते. घरचे सगळे आत चिखल काढत होते. हताशही नव्हते, घड्याळ पुसत होते. तो शब्द कुठल्या कलमाने माझ्याकडून लिहून घेतला नव्हता.

पण म्हणून ते कलम न्याय्य ठरत नाही. विकलं त्यांनी, पैसे घेतले त्यांनी.

मॅग्नमचं उदाहरण कृपया देऊ नका. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, कार्तिए-ब्रेसाँ वगैरे नावाजलेल्या छायाचित्रकार मंडळींनी आपल्या फोटोंचे हक्क आपल्याकडेच राहावेत म्हणून स्वतःची संस्था काढली. त्यांना नाही म्हणणं मासिकांना जड गेलं असतं. मला नाही म्हणायला डेस्कला पुढचा नंबर फिरवावा लागतो. "कोर्टात जा" हेही नको. २०१० च्या भूकंपात हैतीचे छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांनी काढलेले फोटो ट्विटरवरून उचलले गेले आणि भलत्याच माणसाच्या नावाने जगभर विकले गेले. त्यांनी आक्षेप घेतला, तर ते फोटो पसरवणाऱ्या एएफपी या वृत्तसंस्थेनेच आधी त्यांच्याविरुद्ध दावा लावला. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ज्युरीने त्यांना १२ लाख डॉलर देववले. पण त्यांनी हक्क लिहून दिले नव्हते. मी दिले होते.

काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये मी मुलांना छाती फुगवून सांगितलं होतं, नको ते कलम खोडा, शेजारी सही करा, परत पाठवा. टाळ्या पडल्या. त्या बाईला आज विचारावंसं वाटतं, तू स्वतः किती वेळा खोडलंस? एकदा. आणि त्या मासिकाचा फोन पुन्हा आला नाही. तरीही तिचं चुकलंच होतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. सगळ्यांनी खोडलं असतं तर? पण सगळे म्हणजे कोण? आम्ही एकमेकांना भेटतो ते ढकलाढकली करताना, पुढची जागा मिळवायला.

हो, मी अजूनही त्यांचंच काम करते. गेल्या आठवड्यात पोर्टलवर सुधारित करार आलाय. अकरावं कलम आता चौदावं झालंय, आणि फोटो एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरायची मुभा नव्याने घातलीय. दोन बिलं अडकली आहेत. डेस्कवरच्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "ताई, मलाही त्यातलं काही कळत नाही. पण टिक केलंत तर मी आजच बिल पुढे सरकवतो." चांगला आहे मुलगा. त्याचा स्वतःचा करार अकरा महिन्यांचा आहे.