तुम्ही विचारलंत म्हणून : मोकळ्या सोडलेल्या चार मात्रा

"ते पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. मग त्यांची गाणी कशाला केलीत? आणि पैसे किती मिळाले?" 2019च्या विधानसभेला मी एका छोट्या पक्षाच्या प्रचाराची गाणी केली, तेव्हापासून हे मला लग्नाच्या मांडवात विचारलं जातं, एसटीत विचारलं जातं, क्लासला येणाऱ्या मुलांचे आईवडीलही विचारतात. तोंडी उत्तर देताना माझं अर्धं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहितो.

पैशाचं आधी. एक रुपयाही मिळाला नाही, आम्ही मागितलाही नव्हता. माइकचं भाडं, पेनड्राइव्ह आणि चहा-नाश्ता मिळून साडेचार हजार खर्च झाला. तो उमेदवाराच्या खर्चाच्या वहीत रीतसर लिहिला गेला. त्या वेळी आमदारकीच्या उमेदवाराला 28 लाखांपर्यंत खर्च करायला परवानगी होती, म्हणजे आमची अख्खी कॅसेट त्यात कुठेच दिसली नसती. (पेनड्राइव्ह असला तरी आमच्याकडे अजून कॅसेटच म्हणतात.)

आमचा भाग सांगली-सोलापूरच्या सीमेवरचा, दुष्काळी. त्या उन्हाळ्यात निम्मी जनावरं चारा छावणीत होती. पक्ष म्हणाल तर एका तालुक्यापुरता, पाण्याच्या प्रश्नावर उभा राहिलेला, निवृत्त गुरुजींचा. मी पेटी वाजवतो, बँडवाल्यांना गाणी बसवून देतो. त्याआधीच्या निवडणुकांत मोठ्या पक्षांसाठीही मी काम केलं होतं. तिथे शब्द वरून टाईप होऊन येतात, चाल चालू सिनेमातली असते, उमेदवाराचं नाव तेवढं बदलायचं. पाकीट मिळतं, आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ते गाणं ज्यानं गायलं त्यालाही आठवत नाही. गुरुजींकडे पाकीट नव्हतं. ते माझ्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तुम्हाला जे म्हणायचंय ते म्हणा. आमचं नाव कुठेतरी बसलं तर बसवा."

असं आम्हाला कुणी कधी म्हटलं नव्हतं.

माझे वडील बार्शीकडचे. शाहीर अमर शेखांचा आवाज त्यांनी लहानपणी माइकशिवाय ऐकला होता, आणि ते सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज बदलायचा. 1944मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी कम्युनिस्ट चळवळीतलं लाल बावटा कलापथक उभं केलं. नाशकाकडे भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा गावोगाव फिरायचा, पुढे वामनदादा कर्डक आयुष्यभर गात राहिले. ज्यांच्या हातात छापखाना नव्हता, साखर कारखाना नव्हता, त्यांच्याकडे डफ होता. हे ऐकत मी मोठा झालो आणि पोटासाठी नावं बदलत बसलो, याची सल मनात होती. गुरुजींना हो म्हणण्यामागे तीही होती.

माणसं गोळा करायला बारा दिवस गेले. धनगरांच्या गजी नाचाचे ढोलवाले, भजनी मंडळातले दोघे, एक हलगीवाला, बँडमधला बँजो, आणि वरच्या वाडीच्या आक्का. हे लोक एरवी एका जागी बसत नाहीत. भजनाच्या लोकांना हलगीचा आवाज सोसत नाही, आणि गजीचा ढोल खोलीत वाजवला तर माइक फाटतो. म्हणून ढोल अंगणात, माइक ओसरीत आणि भिंतींना गोधड्या, अशी मांडणी केली. सात गाणी झाली. छावणीतल्या गाईचं एक, टँकरच्या वाटेचं एक, ऊसतोडीला गेलेल्या मुलाच्या शाळेचं एक. बाकीची सांगत नाही, मिळाली तर ऐका.

आक्कांचा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. माइकसमोर बसवलं तर त्यांना ओवी सुचेना. दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबल्या. मग म्हणाल्या, "बाबा, हाताला खुंटा नाही, गळा कसा चालंल?" दोन पोरांनी त्यांच्या घरून जातं उचलून आणलं. त्यांनी मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला, आणि पहिल्या फेऱ्यालाच गळा मोकळा झाला. ती घरघर मी काढली नाही. तालवाद्य नाही, पेटी नाही, खाली फक्त दगडाची फिरत. पहिली ओवी अशी आली :

मत देते तुला लेका, हंडा रिकामा माझ्या शिरी
विसरलास तर ठेवीन तोच तुझ्या उंबऱ्यावरी

कार्यकर्त्यांपैकी दोघे अस्वस्थ झाले. आपल्याच प्रचारात आपल्याच उमेदवाराला दम? एक जण म्हणाला, दुसरी ओळ कापा. गुरुजींनी हेडफोन लावून ती तीनदा ऐकली. मग म्हणाले, "ही पहिली लावायची. सभेत मी बोलायच्या आधी." आणि तसंच झालं. प्रत्येक सभेत आधी जात्याची घरघर, मग आक्का, मग गुरुजी.

आता त्या चार मात्रांचं. मोठ्या पक्षाचं चिन्ह पोरासोरांनाही माहीत असतं, गाणं त्याच्यावरच बांधता येतं. नोंदणी झालेल्या पण मान्यता नसलेल्या पक्षाला राखीव चिन्ह नसतं. उमेदवारानं अर्जात मुक्त चिन्हांतली तीन पसंतीनं लिहायची आणि अर्ज मागे घ्यायची मुदत संपेपर्यंत वाट बघायची. त्या वर्षी ती मुदत 7 ऑक्टोबरला होती आणि मतदान 21 ला. म्हणून मुखडा बांधताना केरवा तालातल्या शेवटच्या चार मात्रा मी मोकळ्या ठेवल्या. पहिली पसंती बॅटची होती, ती आरामात बसली असती. ती गेली दुसऱ्याला. संध्याकाळी फोन आला : शिलाई मशीन. चार मात्रांत ते कोंबलं तर अडखळत होतं. रात्रभर पेटीवर डोकं घातलं, जमेना.

दुसऱ्या दिवशी दसरा. सणाच्या दिवशी माणसं येतील का अशी धास्ती होती, पण आपट्याची पानं खिशात घेऊन सगळे आले. गजीच्या म्होरक्यानं मुखडा ऐकला आणि म्हणाला, "हितं ढोल थांबवू. बायकांना नुसतं म्हणू द्या." ढोल थांबला, चारच्या जागी आठ मात्रांची मोकळीक झाली, आणि त्या शांततेत पाच बायकांनी सावकाश म्हटलं, शिलाई मशीन. त्यातल्या तिघी घरी मशीनवरच पोट भरणाऱ्या होत्या. तसं त्यांनी ते म्हटलं.

मग गाणी प्रचारात वाजवायच्या प्रमाणपत्रासाठी धावपळ. गाण्याच्या दोन प्रती, बोल कागदावर, खर्चाचा तपशील, असं सगळं जिल्ह्याच्या माध्यम समितीकडे दिलं. परवानगी हातात येईपर्यंत चार दिवस गेले. 19 च्या संध्याकाळी प्रचार बंद. म्हणजे पुढे वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात राहिलेल्या या गाण्यांना छोट्या हत्तीवरच्या भोंग्यातून फिरायला जेमतेम आठवडा मिळाला, त्यातही दोन दिवस पाऊस.

24 ऑक्टोबरला निकाल लागला. एकूण मतांच्या एक षष्ठांश मतंही पडली नाहीत, 10,000 रुपयांची अनामत गेली. मला वाईट वाटलं. अजून वाटतं. गुरुजी निवडून यावेत असं मला मनापासून वाटत होतं, नुसती गाणी करायची म्हणून मी गेलो नव्हतो.

मग कशाला केलीत, या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला 2024मध्ये नीट सापडलं. विधानसभा तोंडावर आली होती. एका मोठ्या पक्षाचा माणूस क्लासवर आला, चांगला बोलला. म्हणाला, "तुमचा तो गजी ढोलाचा मुखडा लोकांना पाठ आहे. ढोल थांबतो तिथे आमचं चिन्ह घाला. बाकी काही बदलू नका." आकडा त्यानं सांगितला. त्या वर्षी माझ्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती, तो आकडा तिच्यापेक्षा मोठा होता. मूळ फाइल माझ्याकडे आहे, ती जागा अजून मोकळीच आहे. एका दुपारचं काम होतं.

मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "सगळी सात घेणार ना? सुरुवातीला आक्कांची ओवी आहे, सभेत साहेब बोलायच्या आधी ती लावायची असते."

त्यानं मोबाइलवर ती ओवी ऐकली. दोन्ही ओळी ऐकल्या. मोबाइल परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ती तेवढी नको."