टीम जिंकली, पण कॅन्सर गेला का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणजे कोणी एक नाही हं, नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहायला आल्यापासून आमच्याकडे भारतातून येणारे बरेचसे पाहुणे, त्यातही सहा महिन्यांसाठी आलेले कुणाचे ना कुणाचे आईबाबा, ज्यांना मी हौसेने शेजारच्या रॅलेला रेनल्ड्स कॉलिझियममध्ये एन. सी. स्टेट युनिव्हर्सिटीच्या मुलींची बास्केटबॉल मॅच बघायला नेते. तिथल्या कोर्टाला ज्या बाईंचं नाव दिलंय त्या के याऊंची, म्हणजे कॅन्सर असतानाही कोचिंग करणाऱ्या बाईंची, गोष्ट मी येताना गाडीत सांगते आणि गोष्ट संपली की मागच्या सीटवरून हमखास प्रश्न येतो, की ते सगळं ठीक आहे गं, पण टीम जिंकली म्हणून त्या बाईंचा कॅन्सर गेला का? नाही ना? मग एवढं कौतुक कशाचं?

नाही गेला. हे आधीच सांगून टाकते. २००९ च्या जानेवारीत, २४ तारखेला, त्या गेल्या, इथेच केरीत. त्यामुळे ही गोष्ट कोणी चमत्काराची म्हणून सांगायला लागलं तर मलाच राग येतो.

आता त्या कोण होत्या ते थोडक्यात. जन्म १९४२ चा, गिब्सनव्हिल नावाच्या छोट्या गावातला. शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली तेव्हा सांगण्यात आलं की मुलींच्या बास्केटबॉल टीमचं कोचिंगही करावं लागेल, आणि याआधी कधी केलेलं नसताना त्या हो म्हणाल्या. (आपल्याकडे नाही का, मराठीच्या बाईंकडे गॅदरिंग आणि स्काउट गाइड दोन्ही येतं, तसंच.) पुढे १९७५ मध्ये एन. सी. स्टेटला आल्या त्या शेवटपर्यंत तिथेच. कोच म्हणून ७०० हून जास्त विजय. १९८७ मध्ये ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आणि पुढच्याच वर्षी सोल ऑलिंपिकला त्या अमेरिकेच्या महिला टीमच्या कोच होत्या, फायनलला युगोस्लाव्हियाला ७७-७० ने हरवून गोल्ड घेऊन आल्या.

मग पुष्कळ वर्षं शांतता, आणि २००४ मध्ये आजार परत आला. २००६ च्या नोव्हेंबरात, म्हणजे सीझन नुकताच सुरू झालेला असताना, त्यांना ट्रीटमेंटसाठी बाजूला व्हावं लागलं. तोवर स्टेज फोर. १६ मॅचेस त्या बेंचवर नव्हत्या.

मला ह्या गोष्टीत सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो हाच काळ, पण ह्याच्याबद्दल कोणी विचारत नाही, सगळ्यांना थेट जिंकण्यावर यायचं असतं. टीमची सूत्रं घेतली स्टेफनी ग्लान्स यांनी, त्यांच्या असिस्टंट. आता विचार करा, आपल्याकडे एखाद्या संस्थेत मुख्य माणूस आजारी पडला की काय काय होतं. एक तर सगळं ठप्प, “सर आले की बघू”, नाहीतर दुसरा माणूस दोन महिन्यांत स्वतःची माणसं, स्वतःची पद्धत, स्वतःची खुर्ची सगळं मांडून मोकळा, आणि सर परत आले की त्यांना हार घालून मार्गदर्शक करायचं, म्हणजे कायमचं घरी बसवायचं. इथे दोन्ही झालं नाही. टीम रोज प्रॅक्टिस करत राहिली, हरली, जिंकली, सीझन मधोमध असाच कसाबसा चालला होता, पण चालू होता. आणि जानेवारीच्या शेवटी बाई परत आल्या, केमो चालू असतानाच, तेव्हा त्यांची जागा जशीच्या तशी होती आणि ती नुसती मानाची नव्हती, कामाची होती.

माझं म्हणणं असेल तर एवढंच आहे. त्या मुलींनी बाईंना पेशंट होऊ दिलं नाही असं मी म्हणणार नाही, पेशंट तर त्या होत्याच, लपवलं कोणीच नव्हतं, मुलींच्या बुटांना गुलाबी (ब्रेस्ट कॅन्सरच्या जागृतीचा रंग) लेस होत्या, आख्ख्या हॉलला माहीत होतं. पण पेशंट झाल्यावर त्यांचं कोच असणं कोणी काढून घेतलं नाही. आपल्याकडे माणूस आजारी पडला की पहिली गोष्ट काय करतो आपण, त्याच्या हातातलं काम काढून घेतो. प्रेमानेच. “तुम्ही आता काही करायचं नाही, पडून राहा.” माझी एक आत्या चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची, तिला केमो सुरू झाल्यावर घरच्यांनी शिकवण्या बंद केल्या, इन्फेक्शनची भीती खरीच होती, त्यात कोणाचं चुकलं असं नाही, पण वह्या तपासायला घरी आणून देता आल्या असत्या की. ती दिवसभर सिरियल बघायची आणि चिडचिड करायची आणि सगळे म्हणायचे औषधांमुळे होतंय.

तर आता जिंकण्याकडे येते, कारण तुम्ही विचारणारच. बाई परत आल्यावर शेवटच्या १५ पैकी १२ मॅचेस टीमने जिंकल्या. १६ फेब्रुवारी २००७ ला रेनल्ड्सच्या कोर्टाला त्यांचं नाव दिलं आणि त्याच संध्याकाळी समोर होती नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीची टीम, म्हणजे इथले अर्ध्या तासावरचे सख्खे शत्रू, तेव्हा देशात दुसऱ्या नंबरवर. सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्तीची टीम हरणं हा किती ऑकवर्ड प्रकार असतो! पण पोरी ७२-६५ ने जिंकल्या. मग कॉन्फरन्स टूर्नामेंटच्या (आपल्या गटातल्या कॉलेजांच्या स्पर्धेच्या) सेमी फायनलला ड्यूक युनिव्हर्सिटीची टीम, जी त्या सीझनमध्ये एकही मॅच हरलेली नव्हती, नंबर एक, तिला ७०-६५ ने हरवलं. फायनलला मात्र त्याच नॉर्थ कॅरोलायनाने हिशेब चुकता केला. आणि मार्चमध्ये एन. सी. डबल ए. म्हणजे देशभरच्या कॉलेजांच्या टूर्नामेंटमध्ये शेवटच्या सोळा टीम्सपर्यंत पोचून कनेक्टिकटकडून ७८-७१ असा पराभव. म्हणजे बघा, कप नाही मिळाला, गोष्टीचा शेवट हरण्यातच आहे.

“पण मग बाईंसाठी म्हणून त्या जीव तोडून खेळल्या ना?” असं आमच्या एका काकूंनी डोळे पुसत विचारलं होतं. खेळल्याच असतील. पण नुसतं डोळ्यात पाणी आणून रिबाउंड मिळत नाही हो. बॉल रिंगला लागून खाली येताना अंगाने समोरचीला मागे रोखून धरावं लागतं, त्याला बॉक्स आउट म्हणतात, आणि ते शेकडो वेळा करून घेतलेलं असेल तरच दमलेल्या पायांनी शेवटच्या मिनिटाला होतं. ते करून घेणारी बाई आणि तिच्या गैरहजेरीत ते तसंच चालू ठेवणारी दुसरी बाई, दोघींचं ते काम आहे. भावना होतीच, पण ती कामाला लावायला आधी शिकवलेलं काहीतरी असावं लागतं.

ह्याच कॉलेजची अजून एक गोष्ट आहे जी क्रिकेटवाल्यांनाही कधीकधी माहीत असते, जिम व्हाल्व्हानोची. १९८३ ला पुरुषांच्या टीमला नॅशनल चॅम्पियन केलेला कोच, १९९२ मध्ये कॅन्सर निघाला, १९९३ च्या मार्चमध्ये टीव्हीवरच्या पुरस्कार सोहळ्यात स्टेजवर नीट चढता येत नव्हतं अशा अवस्थेत भाषण केलं, संशोधनासाठी फाउंडेशन जाहीर केलं आणि एप्रिलमध्ये गेला, ४७ व्या वर्षी. आता कॉलिझियमच्या आतल्या अरीनाला त्याचं नाव आहे आणि कोर्टाला बाईंचं. बाईंच्या नावाचा जो कॅन्सर फंड २००७ मध्ये निघाला तो व्हाल्व्हानोच्या फाउंडेशनच्या सोबतीनेच. दर फेब्रुवारीत गुलाबी मॅच असते आणि हाफटाइमला कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या बायका कोर्टवर येतात. आणि त्या स्टेफनी ग्लान्स, आठवतात ना, बाई गेल्यावर टीमचं कायमचं पद काही त्यांना मिळालं नाही, कॉलेजने दुसरी कोच आणली. मला विचाराल तर हे फार बोचणारं आहे. पुढे त्या याच फंडाच्या प्रमुख झाल्या.

आणि कोणी असं समजू नका की आजारी कोच म्हणजे संत. समोरच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या कोच सिल्व्हिया हॅचेल, ज्या सोलला बाईंच्या असिस्टंट होत्या, त्यांना २०१३ मध्ये ल्युकेमिया झाला, त्यांची टीम असिस्टंटच्या हाताखाली शेवटच्या आठात पोचली, त्या बऱ्या होऊन परतल्या, आणि २०१९ मध्ये वर्णभेदी वाटेल अशा बोलण्यावरून चौकशी होऊन त्यांना राजीनामा द्यावा लागला. दोन्ही खरं आहे. टेनेसी युनिव्हर्सिटीच्या कोच पॅट समिट वेगळ्याच, २०११ मध्ये ५९ व्या वर्षी डिमेन्शिया असल्याचं स्वतः जाहीर केलं आणि तरी एक सीझन बेंचवर बसल्या, कामाचा बराच भार असिस्टंट हॉली वॉर्लिक यांनी उचलला. तिथे हळूहळू काम कमी करत न्यावं लागलं, कारण तो आजारच तसा. म्हणजे काम काढून घेऊ नका हा नियमही सगळीकडे एकाच मापाने लागत नाही.

आता दुसरा प्रश्न, जो हल्ली जास्त येतो. आमच्या मुलाच्या क्लबचे सर केमोवर आहेत, पोरांनी काय करायचं? मी डॉक्टर नाही, पण घरात केमो बघितलीय म्हणून सांगते. आख्खी टीम बुके घेऊन घरी धडकू नका. डोसनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात, तेव्हा एखाद्या पोराची साधी सर्दी सरांना हॉस्पिटलात नेऊ शकते, त्यामुळे कधी यायचं ते त्यांच्या घरच्यांना विचारून, ज्याला शिंकाही येतायत त्याने घरी. पोरांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल एवढं, कारण सर टक्कल करून आले की त्यांना कळणारच आहे. प्रॅक्टिस कोण घेणार हे पहिल्याच आठवड्यात सरांच्या तोंडूनच जाहीर करून घ्या. मॅचचा व्हिडिओ काढा आणि पाठवा, पण “सर लवकर बरे व्हा” लिहून नाही, तर तिसऱ्या क्वार्टरला आपला डिफेन्स का फाटला ते सांगा असं विचारून. त्यांना बोलायची ताकद नसेल त्या दिवशी उत्तर येणार नाही, दुसऱ्या दिवशी येईल, बहुधा शिव्यांसकट, आणि त्या शिव्या पोरांना वाचून दाखवा.