पावणेचारला मावळणारा सूर्य

स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये डिसेंबरच्या मध्यावर सूर्य उगवायला सकाळचे पावणेनऊ होतात आणि दुपारी तीन-चाळीसच्या सुमारास तो मावळतोही. उजेडाचे धड सात तासही भरत नाहीत. आमची प्रयोगशाळा साडेनऊला सुरू होते आणि साडेपाचच्या आत तिथून कुणी हलत नाही. आणि मी दिगंबर जैन घरातली मुलगी. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत आहे.

इथे पीएच.डी.साठी यायचं ठरलं तेव्हा मी काळजी केली ती कंदमुळांची. कांदा, लसूण, बटाटा, गाजर वगळून काय मिळेल याची चौकशी केली, बॅगेत हिंग आणि सुंठ भरली. सूर्याचा विचार मनातसुद्धा आला नाही. महाराष्ट्रात वर्षभरात सूर्यास्ताची वेळ सव्वा तासाच्या आसपास मागेपुढे होते. इथे जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो आणि डिसेंबरमध्ये पावणेचारच्या आत. सहा तासांचा फरक!

सप्टेंबर २०२४ मध्ये आले तेव्हा सगळं सोपं होतं. सात-साडेसातपर्यंत उजेड, खोलीवर येऊन निवांत स्वयंपाक. मग सूर्यास्त रोज अडीच-अडीच मिनिटांनी अलीकडे येत गेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात. शनिवारी पावणेसहाच्या आतबाहेर मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचच्याही आधी गेला. सोमवारी मी पाच वाजता खिडकीतून बाहेर पाहिलं तर रस्त्यावरचे दिवे लागलेले होते आणि माझा डबा पिशवीत तसाच होता.

पुढचे पाच-सहा आठवडे मी चुकीचं वागले, ते इथे स्पष्ट लिहिते, कारण परदेशी निघालेल्या कुणा मुलीला त्याचा उपयोग होईल. मी कुणाला काही सांगितलंच नाही. दुपारी एकला सगळ्यांबरोबर थोडं खायचं, मग थेट दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. मधे वीस तास फक्त पाणी. संध्याकाळी कुणी विचारलं तर ‘भूक नाही’ म्हणायचं. डोकं ठणकायचं, चार वाजल्यानंतर हात थरथरायचे. एकदा नमुने मोजून नळ्यांत भरताना क्रमच चुकला आणि तीन दिवसांचं काम टाकून द्यावं लागलं. त्या रात्री खोलीवर येऊन मी खूप रडले. भुकेपेक्षा भीती जास्त होती, की नियम मोडावा लागेल किंवा अभ्यास सोडावा लागेल.

आज्जीला फोन केला. तिचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, पण रोजचा स्वाध्याय, म्हणजे धर्मग्रंथांचं वाचन, कधी चुकलेला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तू यम घेतलायस का नियम?”

हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले होते, पण स्वतःला लावून पाहिले नव्हते. प्राचीन दिगंबर आचार्य समंतभद्रांनी दोन्हींतला फरक अगदी नेमका सांगितला आहे: ठरावीक मुदतीसाठी घेतलेला तो नियम, जन्मभरासाठी घेतलेला तो यम. आज्जी म्हणाली, “मांस, मद्य, मध, अंडं हा तुझा यम. त्याला हात लावायचा नाही. रात्रीच्या जेवणाचा नियम आठवड्याआठवड्याला घे. झेपेल तेवढा घे, पण घेतलेला मोडू नको. आणि पोरी, त्या तुझ्या बाईंना सांग की. चोरी केल्यासारखं उपाशी का राहतीस?”

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक बाईंना सांगितलं. घसा कोरडा पडला होता. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: किती वेळ लागेल आणि ही वेळ रोज बदलते का. तेव्हापासून हिवाळ्यात दुपारी तीन ते साडेतीन ही माझी जेवणाची वेळ आहे. गटाच्या सामाईक वेळापत्रकात ती नोंदवलेली असते आणि माझे लांबणारे प्रयोग त्यानंतर लागतात. सूर्यास्तानंतर मी पाणी घेते, गरज पडली तर औषध घेते, अन्न नाही. सकाळी उजाडल्याबरोबर पोटभर नाश्ता, तीनला पूर्ण जेवण. डोकं दुखायचं थांबलं. सहा आठवडे मी ज्या संभाषणाला घाबरत होते, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

सगळं मात्र सुटलं नाही. इथे प्रत्येक जण विद्यार्थ्यांना एकच सल्ला देतो: रविवारी आठवड्याचा स्वयंपाक करून ठेवा, डबे फ्रीजरमध्ये टाका. तो मला लागू पडत नाही, कारण रात्र उलटलेलं शिजवलेलं अन्न आमच्याकडे शिळं, ते खायचं नाही. उलट बाजूनं, सूर्योदयाआधी चूल पेटवू नये असंही घरात पाळतात आणि इथे डिसेंबरमध्ये सूर्योदय होतो तेव्हा मी बसमध्ये असते. दोन्ही एकदम जमणं अशक्य आहे. मी ताजं अन्न धरलं आणि अंधारातला स्वयंपाक स्वीकारला. सकाळी सातला मुगाची डाळ, भात आणि भोपळी मिरचीची किंवा दुधीची भाजी, तासाभरात डबा तयार. पिठाची मर्यादा तर सुटलीच आहे. घरी दळलेलं पीठ थंडीत सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसच वापरतात. दुकानातल्या पुड्यावर दळल्याची तारीखच नसते. दशलक्षण या आमच्या व्रतांच्या पर्वाच्या दहा दिवसांत मी पोळी सोडते आणि तांदूळ-डाळीवर राहते. हे पूर्ण पालन नव्हे, मला माहीत आहे. पण जे सुटलं ते कशामुळे सुटलं हे मला सांगता येतं, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

कंदमुळांबद्दल घरून सगळ्यात जास्त विचारणा होते, म्हणून थोडं तेही. ब्रिटनमध्ये चौदा ॲलर्जीकारक घटक पदार्थात आहेत की नाहीत ते ग्राहकाला सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात दूध, अंडं, तीळ, मोहरी, अगदी सेलरीसुद्धा आहे. कांदा, लसूण, बटाटा त्यात नाहीत. त्यामुळे हॉटेलातला ॲलर्जीचा तक्ता पाहून निर्धास्त होऊ नका, स्वयंपाकघरात विचारायला लावा. ‘व्हेज’ सूपमधला व्हेजिटेबल स्टॉक बहुतेक वेळा कांद्याचाच असतो. ‘व्हीगन’ लिहिलं असेल तर अंडं, दूध, मध यांची काळजी मिटते, पण चवीसाठी लसूण आणि मशरूम हमखास येतात. मला खरी मदत झाली ती अनपेक्षित जागेवरून. आतड्यांच्या त्रासासाठी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप नावाचा आहार आहे. त्यात कांदा आणि लसूण वर्ज्य असतात, म्हणून त्या नावानं मिळणारे सॉस आणि मसाले आपल्याला बरेच जवळचे. तरी मागची बारीक अक्षरं वाचाच. लसणातला त्रासदायक घटक तेलात उतरत नाही, म्हणून त्या आहारात लसणाचं तेल चालतं. आपल्याला ते चालत नाही. चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असू शकतं, आणि अस्सल पार्मेजान तर त्याशिवाय बनतच नाही. लाल रंगाच्या गोड गोळ्यांवर ई१२० दिसलं तर तो कोचिनील किड्यांपासून काढलेला रंग. चकाकणाऱ्या गोळ्यांवरचं ई९०४ म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न. आमच्या इथल्या घरात चार मुली राहतो, स्वयंपाकघर एकच. शेजारच्या शेगडीवर मांस शिजतं. नात्यातल्या एका काकूंनी मला विचारलं, “तुला चालतं तरी कसं?” माझी कढई, तवा आणि चमचे वेगळे आहेत, शेगडी पुसून घेते, बस. माणसं मी वेगळी काढलेली नाहीत.

हे लिहिताना मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. तेही जैन घरातले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले होते. परतल्यावर त्यांना आंघोळ केल्याशिवाय जेवणघरात यायचं नाही असं सांगण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवू लागली. ताटात काय असावं हा माझा नियम आहे. ताटाशेजारी कोण बसावं याबद्दल नियम करायचा मला अधिकार नाही, आणि अहिंसेचं नाव घेऊन तर मुळीच नाही.

त्या चौघींतली एक मोरोक्कोची आहे. मार्च २०२५ मध्ये तिचे रोजे सुरू होते. १ मार्चला इथे सूर्यास्त पावणेसहाला होता, २९ मार्चला पावणेसातला. त्या महिन्यात मी प्रयोगशाळेतून लवकर निघायचे आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी टेबलावर ताट मांडायचे. ती समोर बसून खजुराच्या बिया काढत असायची. माझा शेवटचा घास संपायचा, मी पाणी प्यायचे, ताट घासून ठेवायचे, आणि मग तिच्या फोनवर अजान व्हायची. ती पहिला खजूर तोंडात टाकायची आणि मी तिच्यासमोर बसून राहायचे. दिवसभर दोघींनाही बोलायला वेळ नसायचा, तो आम्हाला त्या दहा मिनिटांत मिळायचा. एकदा तिनं विचारलं, “तुला माझ्या जेवणाचा वास येऊन भूक लागत नाही?” मी म्हटलं, “आणि तुला माझ्या?”

रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे २०२६ मध्ये त्याची सुरुवात फेब्रुवारीतच आणि सूर्यास्त आणखी लवकर. परवा तिनं महिन्याभराच्या वेळांचा कागद छापून आणला आणि फ्रिजच्या दारावर लावला. त्यात सूर्यास्ताच्या रकान्यावर तिनं हिरव्या पेननं दोन नावं लिहिली आहेत, आधी माझं, मग तिचं.